मांडीपुरता उजेड

इलाही मिस्त्रीनं उद्यमनगरात तो दिवा जुळवला
तेव्हा मी पत्र्याच्या डब्यावर बसून बघत होतो.
लवती मान शिलाई मशिनच्या दिव्याची,
टोपी पितळेची, लेथवर उतरवलेली,
उजेड कमी-जास्त करायला
मोडक्या रेडिओचा कान.

पांढरा ठेवू नको, जिनगोंडा म्हणाला,
समोरची काच उजळली की मी आंधळा.
मग मिस्त्रीच्या बहिणीची नखपॉलिशची बाटली आली.
बल्बाला दोन हात दिले.
पहिला तासभर फियाटमध्ये
कुणाचं तरी नख जळत असल्यासारखा वास.

मी भूमापन कचेरीतला कारकून.
बांध, हद्दी, गटनंबर.
नकाशा वाचता येतो एवढ्यावर
मला डाव्या बाजूला बसवलं.
घाटात पोटात ढवळतं का, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्याच रॅलीत फजिती.
कळे गेलं, साळवण गेलं, गगनबावड्यात दिवा लावला
आणि वहीतून सगळे धोके नाहीसे झालेले.
तुटका कठडा, ढासळलेली मोरी, उलटं वळण:
जे जे जिवावरचं
ते मी कचेरीच्या सवयीनं लाल शाईत लिहिलेलं,
आणि लाल उजेडात लाल शाई
कोऱ्या कागदासारखी हसते.
जिनगोंडा ओरडला, बोल की लगा!
मी काय बोलणार. पान सपाट होतं,
घाट नव्हता.

त्यानंतर पेन्सिल. कायम पेन्सिल.

दोनशे. डावं. आवळ.
ऐंशी. उजवं, उघडतं.
मोरी. कठडा नाही.
एवढंच. मध्ये देवाचं नावसुद्धा घ्यायचं नाही.
माझं बोलणं त्याच्या कानात शिरायचं
आणि मनगटातून बाहेर पडायचं.

मान वर करायची नाही, हा नियम माझा मीच केलेला.
एकदा केली, फोंड्याच्या चढाला,
ओळ हरवली,
मैलाच्या दगडाचा चुना अजून बंपरला आहे.

अशी अकरा वर्षं.
रात्री घाट कसा दिसतो हो, लोक विचारायचे.
तांबडा, मी सांगायचो,
वीतभर लांब, कोपऱ्यात घामानं फुगलेला.
त्यांना वाटायचं मी थट्टा करतो.

जिनगोंडा गेल्याला आता चौथं वरीस.
त्याची नात सन्मती, गाडी पुन्हा उभी केली तिनं,
इंजिन, वायरिंग, गाद्या, सगळं.
फोन करून विचारते,
काका, त्या दिव्याच्या जागी एलईडीची पट्टी लावू का?
मी म्हटलं, लाव, पण आधी मला भुईबावड्याला ने.
दिवसा.

गेलो. उन्हात.
डाव्या अंगाला एवढी दरी,
खाली कोकण धुतलेल्या चादरीसारखं पसरलेलं,
करवंदीच्या जाळ्या, शेपटी उडवत बसलेली माकडं,
वळणावर एक बाई काकड्या विकत होती.
मला काहीच ओळखीचं दिसेना.
हा कुठला घाट?
हाच की काका, सन्मती म्हणाली.
मला खरंच वाटलं, पोरगी चुकली.

शेवटी मी डोळे मिटले.
दोनशे, म्हटलं. डावं. आवळ.
आणि शरीर डावीकडे कललं.
ऐंशी, उजवं,
आणि गाडी उघडत गेली,
मोरीचा तो दुहेरी दणका बुडाखाली बरोबर आला,
कठडा नाही म्हणताना
छातीत तीच जुनी पोकळी.
किती वेळा गेलो होतो मी इथून.

डोळे उघडून रेडिओचा कान पिळला.
भर दुपारी बल्ब लागलाय की नाही कळेना.
टोपीखाली तळहात धरला:
ऊब होती.
नखपॉलिशचा वास मात्र आला नाही,
किंवा माझंच नाक म्हातारं.

गाडी जरा हळू झाली होती.
समोर रस्ता लख्ख, दूरवर दिसणारा,
तरी सन्मती म्हणाली,
काका, पुढचं सांगा.